गणित सोडू नकोस

प्रश्न : दहावी झाली, अकरावी सायन्सचा फॉर्म भरतेय. मावशीच्या बाळाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झटके आले. तपासणीत केसीएनक्यू२ या जनुकात दोष निघाला. मला यावरच काम करायचंय. घरचे म्हणतात, मग डॉक्टरकीसाठी नीटची परीक्षा दे. गणित सोडून फक्त बायोलॉजी घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : बाळाचं काय ते त्याचे डॉक्टरच सांगतील. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या जनुकातच आहे.

मेंदूतल्या पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी सूक्ष्म दारं असतात. केसीएनक्यू२पासून बनणारं प्रथिन म्हणजे अशा दाराचा पाव भाग; चार तुकडे जुळले की दार तयार. पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाब बदलला की ते सावकाश उघडतं आणि उघडंच राहतं. पोटॅशियम बाहेर पडतो, पेशी शांत होते, एकामागून एक संदेश सोडत सुटत नाही. हा लगाम ढिला पडला की झटके येऊ शकतात.

हे सगळं मोजून कळलंय. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकुलाच्या (स्क्विड या समुद्री जीवाच्या) जाड चेतातंतूतला विद्युतप्रवाह मोजला आणि १९५२ मध्ये त्याची समीकरणं मांडली. १९६३चं नोबेल मिळालं वैद्यकशास्त्राचं, पण काम बघशील तर कॅल्क्युलस, म्हणजे बदलाचं गणितच!

आजची पद्धत मी एका प्रयोगशाळेत पाहिली. जेमतेम मायक्रॉनभर टोकाची काचेची नळी पेशीला टेकवली, संशोधक मुलीने रबरी नळीतून तोंडानेच हलकेच हवा ओढली. नळी घट्ट चिकटली आणि पडद्यावर प्रवाहाची रेघ उमटली. त्या रेघेतून अर्थ काढायला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं.

पेशंट तपासायचे असतील तर एमबीबीएसची वाट उत्तमच. पण तुझ्या पत्रात कुतूहल आहे ते दार का बिघडतं याचं. त्यासाठी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी अभ्यासक्रम बघ. प्रवेशपरीक्षेत गणितही असतं. पुढे पीएचडीला मुंबईचं टीआयएफआर, बंगळुरूचं एनसीबीएस आणि आयआयएससी अशा संशोधन संस्था आहेत. त्यात आणखी पाच-सहा वर्षं जातात, फेलोशिप मिळते. हे आईबाबांना आत्ताच सांग.

काम भरपूर बाकी आहे, बाळा. हीच दारं उघडणारं रेटिगाबिन हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्वचा निळसर पडू लागली, डोळ्यांच्या पडद्यावर डाग दिसले, वापर घटला, आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं.

फॉर्मवर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही लिही. गणिताची धास्ती असेल तर तसं कळव, त्यावर वेगळं बोलू.