हजार पौंड आणि काउंटी हर्डलचा घोडा

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 33, आयटीत नोकरी. पुढच्या वर्षी पहिलं घर घ्यायचंय, म्हणून लाइफटाइम आयसामध्ये (पहिल्या घरासाठी वापरता येणारं, सरकार भर घालतं असं बचत खातं) यंदा 3,000 पौंड भरलेत. आणखी 1,000 हाताशी आहेत. ते मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या काउंटी हर्डलमध्ये (अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत) एका घोड्यावर लावायचे, असा त्यांचा बेत आहे. भाव 20/1, म्हणजे जिंकला तर पौंडामागे वीस, शिवाय लावलेला पौंड परत. "सर, हा जुगार नाही, व्हॅल्यू आहे. माझ्या हिशेबाने तो जिंकण्याची शक्यता 7 टक्के आहे."

तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. व्हॅल्यू म्हणजे जिंकण्याची खरी शक्यता भावात दिसते त्याहून जास्त असणं. 20/1 भावाला घोडा 21 वेळांत एकदा जिंकला की बरोबरी होते, म्हणजे 4.76 टक्के. खरी शक्यता 7 असेल तर लावलेल्या पौंडामागे सरासरी 1.47 पौंड परत येतात. कागदावर झकास. पण हे 7 आले कुठून?

काउंटी हर्डल ही हँडिकॅप शर्यत, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन. तिथे रेटिंगचा एक गुण म्हणजे पाठीवर एक पौंड वजन. सगळे घोडे एका रेषेत पोचावेत, असं हँडिकॅपर (वजन ठरवणारा अधिकारी) वजन वाटतो. त्याचा अंदाज चुकतो तो बहुधा थोड्याच शर्यती धावलेल्या, झपाट्याने सुधारणाऱ्या घोड्याबाबत. 2022 ची काउंटी हर्डल स्टेट मॅनने जिंकली आणि 2024 मध्ये त्याने चॅम्पियन हर्डल ही त्याहून बरीच मोठी शर्यतही मारली. म्हणजे 2022 ला त्याच्यावर वजन कमीच पडलं होतं. पण हे बाजाराने आधीच ओळखलं होतं, म्हणून तो फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा) होता. घोडा हलका सुटला म्हणून भावात व्हॅल्यू उरते असं नाही. 2023 ची काउंटी हर्डल 33/1 च्या फेव्हॉरने नेली, तेव्हा बाजारही सर्वज्ञ नाही हे मान्य.

तरी एक बेरीज करून पाहा. सगळ्या घोड्यांच्या भावांच्या टक्केवाऱ्या मिळवल्या की 100 च्या वर जातात. वरचा भाग बुकीचा. समजा 125 आली, तर तुमच्या घोड्याला बाजार जेमतेम 3.8 टक्के देतोय. तुम्ही जवळपास दुप्पट सांगताय. कदाचित बरोबर असाल. मी मात्र या आकड्यावर घराचे पैसे ठेवणार नाही.

'वजन एकदम कमी आहे, हीच तर मजा,' असंही तुम्ही लिहिलंय. तिथेच मेख आहे. कमी वजन म्हणजे कमी रेटिंग. या शर्यतीला नावं भरपूर येतात, जागा मोजक्या. वरच्या रेटिंगचे घोडे आत जातात, तळाचे बाहेर राहतात. शेवटच्या निवडीत जागा मिळाली नाही तर बुकी सहसा पैसे परत करतात, पण आत्ताच पैसे लावले आणि जागा मिळणार नाही असं दिसून मालकाने घोडा आधीच काढून घेतला, तर 'नॉन-रनर नो बेट' ची (घोडा न धावल्यास पैसे परत) अट नसल्यास हजार पौंड तो न धावताच गेले!

आता रकमेकडे येतो, कारण खरी चूक इथे आहे. भांडवलातला किती भाग लावावा हे सांगणारं केलीचं सूत्र तुम्हाला माहीत असेलच. 20/1 भाव आणि 7 टक्के शक्यता धरली तर ते भांडवलाच्या 2.35 टक्के लावायला सांगतं. हजारांतले साधारण 23 पौंड. पूर्ण हजार शोभायला भांडवल 42,000 पौंडांच्या वर हवं, तेही केवळ रेससाठी बाजूला काढलेलं. शक्यता 7 ऐवजी 5 निघाली तर उत्तर अडीच पौंडांवर येतं. आणि 7 टक्के बरोबर धरले तरी असे दहा घोडे ओळीने हरण्याची शक्यता 48 टक्के. तुमच्याकडे दहा हजार नाहीत, एकच आहे.

तिकडे आयसामध्ये 4,000 ची मर्यादा भरायला नेमके 1,000 कमी आहेत. ते 5 एप्रिलच्या आत, म्हणजे करवर्ष संपण्याआधी, भरलेत तर सरकार 250 पौंड घालतं. 25 टक्के, आणि हँडिकॅपर, चिखल, शेवटच्या हर्डलवरची अडखळ यांतलं काही आड येत नाही. यंदाची उरलेली मर्यादा पुढच्या वर्षी वापरता येत नाही. घर 4,50,000 पौंडांच्या आतलं आणि खातं वर्षभर जुनं असावं लागतं, एवढं तपासा. शिवाय गृहकर्ज देणारे बँक स्टेटमेंट चाळतात. बुकीकडे एकदम गेलेले हजार पौंड तिथे दिसायला बरे नाहीत. जिंकलात तर ब्रिटनमध्ये त्यावर कर नाही, हे मात्र खरं.

म्हणून हजार पौंड आयसामध्ये, याच आठवड्यात. रेसची हौस पगारातून करा: 10 पौंड ईच-वे. ईच-वे म्हणजे दोन बेट, एक जिंकण्यावर, एक पहिल्या काही जागांत येण्यावर, तेव्हा खिशातून 20 जातील. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला पहिल्या चारांत आला तर नेहमीच्या अटींवर पाव भाव, म्हणजे 5/1 मिळतो. काही बुकी सहा जागांना एक-पंचमांश देतात, तीही तुलना करा. पैसे शर्यतीच्या सकाळी, घोडा धावणार हे पक्कं झाल्यावरच लावा. तोवर भाव 14/1 च्या खाली आला असेल तर राहू द्या. तुमच्याच 7 टक्क्यांनी त्याखाली व्हॅल्यू उरत नाही.