पणजीचं नाव घेताना

चि. सौ. बाय,
अनेक आशीर्वाद.

यादी मिळाली. शेवंती, इंदुमती, सगुणा, मंदाकिनी, रमा. बारसं दोन आठवड्यांवर आलंय आणि घरात एकमत नाही, हे तू लिहिलं नसतंस तरी यादीवरून कळलं असतं. एवढ्या वेगवेगळ्या चवीची नावं एका माणसाने निवडलेली नसतात.

जुनं नाव ठेवायचा विचार मला आवडला. पण जुनं म्हणजे किती जुनं? सुनीता, संगीता, अनिता ही नावं आज कुणी ठेवत नाही, कारण ती तुमच्या मावश्यांची, शाळेतल्या बाईंची, बँकेतल्या मॅडमची आहेत. त्यांच्याही मागे गेलीस, की तारा, रमा, लीला, यमुना पुन्हा कोरी वाटायला लागतात. पणजीला तुम्ही 'काकू' म्हणून कधी हाक मारलेली नसते ना, म्हणून तिचं नाव मोकळं राहिलेलं असतं.

शाळेत हजेरी घेण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. एकाच वर्गात दोन-दोन तन्वी नाईक, त्यात एकीच्या बापाचं नाव दुसरीच्या बापासारखंच, असंही व्हायचं. आपल्याकडे गोव्यात नाईक, गावडे, गावकर इतके, की आडनावाने माणूस ओळखता येत नाही. मग 'उंच तन्वी' आणि 'चष्म्याची तन्वी'. अशा वर्गात एखादी शेवंती असती, तर तिला हाक मारताना आणखी काही जोडावं लागलं नसतं. मला विचारशील, तर जुन्या नावाचा हा फायदा आठवणींपेक्षाही मोठा आहे.

आता सगुणाबद्दल. आजेसासूबाईंचं नाव म्हणून ते यादीत आलंय, असं तू लिहितेस. पण ते त्यांचं कुठलं नाव? पूर्वी लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने नवं नाव लिहिलं, की माहेरची सगुणा सासरी रुक्मिणी व्हायची. पुढे सगुणा म्हणणारे फक्त भाऊ-बहीण उरायचे आणि तेही गेले की नाव त्यांच्याबरोबर जायचं. म्हणून आजींना विचार, कुठल्या नावाने हाक मारलेली त्यांना आवडायची. कदाचित त्या सांगतील, की दोन्ही नावं आवडत नव्हती! असंही असतं. ज्या नावाने जन्मभर ओरडा खाल्ला, ते पणतीला ठेवताना बाईला आनंद होईलच असं नाही.

आपल्या सासूचं नाव नातीला हाक मारताना कसं घ्यायचं, ही सासूबाईंची अडचण मला ओळखीची वाटते. सुनेने सासूचं नाव तोंडात घ्यायचं नाही, ही रीत किती घरांत होती. मग नातीला आजीचं नाव ठेवलं, तरी आई तिला बाय, माई, छोटी असंच म्हणायची आणि खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर राहायचं. तुमच्या घरी तसं व्हायचं असेल, तर सगुणा ठेवूच नकोस. घरात हाक मारता येत नाही ते नाव ठेवून काय करायचं?

देवीचं नाव हवं, असं नणंदेचं म्हणणं. आत्याचा मान आहे, ऐक. कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, शिरोड्याची कामाक्षी, नावांना तोटा नाही. शांता मला फार आवडतं. म्हाळसाही सुंदर आहे, फक्त गोव्याबाहेर तिच्या 'ळ'चा 'ल' होणार याची तयारी ठेव. तेवढ्यासाठी नाव सोडू नये असं माझं मत. लोकांना शिकवलं तर येतं.

यादीत केसर नाही, याचं मात्र नवल वाटलं. तू फोंड्याची ना? केसरबाई केरकर १८९२ साली तुमच्याच तालुक्यात, केरीला जन्मल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानं अंतराळात गेली, त्यांच्यावरच्या तबकडीत केसरबाईंनी गायलेली भैरवी आहे. कुर्डीच्या मोगूबाईंचं मोगूही तसंच गोड. गाणाऱ्या बायकांची नावं म्हणून घरात कुणी नाक मुरडलंच, तर त्यांना ही भैरवी ऐकव आणि गप्प बस.

मंदाकिनी नको. नाव वाईट नाही, पण चार दिवसांत त्याची मंदी होते. कुठलंही नाव ठरवण्याआधी मागच्या दारातून जोरात हाक मारून बघ, रागाने एकदा आणि जेवायला बोलावताना एकदा. इंदुमतीची इंदू होईल, ते चालेल. शेवंती तशीच राहील.

आणि घाई करू नकोस. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, पण नाव नंतर घालता येतं. वर्षभरात घातलं तर त्याला फी नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. स्पेलिंगकडे मात्र आत्ताच लक्ष दे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत 'श'साठी एक्स लिहीत, त्यामुळे कागदावरची पणजी आणि घरातली पणजी एकच, हे सिद्ध करायला लोक अजून खेटे घालतात. इंग्रजीत एकच स्पेलिंग ठरवा, ते कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच घाला. एखादं अक्षर जास्त टाकलं की नशीब फळफळतं, असं कुणी सांगितलं तर त्याला चहा देऊन वाटेला लाव.

माझं मत हवंच असेल, तर शेवंती किंवा केसर. नणंद शांतावर अडून बसली, तर पाळण्यातलं नाव शांता ठेवा आणि तिचं समाधान करा. बारशाला येते आहे, घुगऱ्यांत खोबरं जरा जास्त घालायला सांग. पंचायतीत अर्ज देण्याआधी त्याचा फोटो मला पाठव, स्पेलिंग एकदा नजरेखालून घालते.

सासूबाईंना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
बाई