वेळ संध्याकाळचीच घ्या

पत्र थोडक्यात : मी ५८ वर्षांची, गेल्या वर्षी निवृत्त झाले. पापण्यांवरची कातडी सैल पडलीय, फोटोत कायम झोपेतून उठल्यासारखी दिसते. मार्गशीर्षात धाकट्याचं लग्न आहे, म्हणून त्याआधी पापण्यांचं कॉस्मेटिक ऑपरेशन करायचं ठरवलं. सकाळी अकराला तपासणी झाली, आगाऊ पैसेही भरले. तर थोरली सून सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, आता कुणाला दाखवायचंय?" फार लागलं. डावी पापणी जरा जास्तच पडते, संध्याकाळी तांदूळ निवडताना बोटाने वर धरते, पण सकाळी बरी असते. या वयात ही हौस चूक आहे का? सुनेला काय उत्तर देऊ?

ताई, सुनेचं राहू द्या. चार पानांतली साडेतीन तुम्ही तिच्यावर खर्च केलीत आणि त्या पापणीवर एक ओळ. मला त्या एका ओळीचीच काळजी लागलीय. एका हाताने पापणी धरायची आणि दुसऱ्या हाताने तांदूळ निवडायचे, किती दिवस चाललंय हे? घरात कुणाला बोललात?

वयाने सैल झालेली कातडी सकाळीही सैलच असते. एकच पापणी दिवस कलेल तशी उतरत असेल, तर पापणी उचलणाऱ्या स्नायूकडे बघायला हवं. पुष्कळदा वयामुळे त्या स्नायूचा पापणीशी असलेला जोड ताणला जातो. त्याचं ऑपरेशन वेगळं असतं. वरची कातडी कापून पडलेली पापणी उचलली जात नाही. आणि कधी कधी कारण मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असतो. त्यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. स्नायू वापराने थकतो, विश्रांतीने सावरतो. सुरुवात बहुतेकदा डोळ्यांपासूनच होते. तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. मिटलेल्या पापणीवर दोनेक मिनिटं बर्फ ठेवून ती उचलली जाते का बघतात, रक्त तपासतात. निघालाच, तर त्यावर औषधं आहेत. पण तो अंगात असताना नुसती कातडी कापून घेतलीत, तर लग्नातही पापणी पडलेलीच राहील.

आठवून बघा : संध्याकाळी एकाचे दोन दिसतात का? भाकरी चावता चावता जबडा दमतो? आरती म्हणताना आवाज नाकात जातो? यातलं जे होत असेल ते कागदावर लिहा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, किंवा अचानक डोकं ठणकून पापणी पूर्ण मिटली, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठायचा.

हौसेला माझी काडीचीही हरकत नाही. पैसे तुमचे, डोळे तुमचे. पण आज फोन करून ऑपरेशनची तारीख थांबवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा. वेळ संध्याकाळचीच घ्या. सकाळी अकराला तपासणाऱ्या डॉक्टरांना तुमची बरी पापणी दिसली, दुसरं काय दिसणार होतं? जाण्याआधी तीन दिवस, सकाळी उठल्यावर आणि दिवेलागणीला, समोर बघत चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा. कपाळ ताणू नका. आणि बोट लावू नका, पापणी पडली तर पडू द्या.