आधी एकच संघटना धर

जपानी प्रो-रेसलिंग नव्याने बघायचं म्हणून न्यू जपान, ऑल जपान, नोआ, स्टारडम अशा सगळ्या संघटना एकदम बघायला गेलास तर गोंधळून जाशील. न्यू जपान धर, सुरुवात उन्हाळ्यातल्या जी-वन क्लायमॅक्स स्पर्धेपासून कर. साखळी सामने असल्यामुळे गुणतक्त्यावरूनच कोण कुणाच्या मागे लागलंय ते कळतं.

जुन्यापैकी २०१८ चा ओसाकातला काझुचिका ओकाडा विरुद्ध केनी ओमेगा सामना बघच. तीनपैकी दोन फॉल, म्हणजे समोरच्याला दोनदा हरवेल तो जिंकणार, तासाच्या वर चाललेला. सुरुवात संथ वाटेल, पण व्हिडिओ पुढे पळवू नकोस. आणि ओकाडाचा हात बघ: रेनमेकर (मनगट धरून खेचत मारायचा हाताचा फटका, त्याचा हुकमी डाव) मारून समोरचा आडवा झाला तरी हा पठ्ठ्या त्याचं मनगट सोडत नाही, तसाच ओढून पुन्हा उभा करतो!

प्रेक्षक गप्प दिसले तर कंटाळलेत असं समजू नकोस, तिथे लक्ष देऊन बघतात. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे संध्याकाळचा शो आपल्या दुपारी. नंतर बघणार असशील तर तोवर फोन लांब ठेव, निकाल फुटतो.