रुग्णालयातल्या गुणवत्ता सुधारणेवरचा खर्च वसूल होतो का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही फोंड्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाचे विश्वस्त. वर्षभरात आयसीयूतलं इन्फेक्शन कमी झालं, म्हणून गुणवत्ता सुधारणेसाठी नेमलेल्या सल्लागार संस्थेचा करार वाढवावा का, असा तुमचा प्रश्न आहे. मी गोव्यातच आयसीयूची सिस्टर इन्चार्ज आहे, तेव्हा वॉर्डात जे दिसतं त्यावरून सांगते.

आधी मागच्या दोन-तीन वर्षांची रजिस्टरं काढायला लावा. संस्था येण्याआधीच आकडा उतरत होता का? अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी, हात धुणं, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणं (ड्रेपिंग), त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणं, जांघेतली लाइन टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं एवढी पाचच पथ्यं धरली. दीड वर्षात लाइनमुळे होणारं इन्फेक्शन जवळजवळ दोन तृतीयांशाने घटलं. इंग्लंडने 2009 मध्ये तोच उपक्रम घेतला. तिथेही घट झाली, पण आयसीयू टप्प्याटप्प्याने सामील होत होते, आणि ज्यांची पाळी अजून यायची होती, तिथेही घट चालूच होती! मग श्रेय कोणाला देणार? शिवाय 'महिन्याला किती केसेस' हा आकडा घेऊ नका. चवथीत खाटा रिकाम्या पडल्या की केसेस आपोआप कमी दिसतात. दर हजार लाइन-दिवसांमागे किती, ते मागा; एका रुग्णाला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस.

संस्थेचं बिल हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग नर्सच्या वेळेचा, आणि तो हिशेबात कुठेच येत नाही. ड्यूटी सोपवण्याच्या (हँडओव्हरच्या) आधी सकाळी सहाला सगळ्या खाटांचे, पथ्यं पाळली का याचे फॉर्म एका दमात टिक झालेले मी पाहिलेत. रात्रभर दोघींनी व्हेंटिलेटर सांभाळले, त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्या कागदावरून कोणी '98 टक्के पालन' दाखवलं तर विश्वास ठेवू नका. आणि पालन खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टची चाचणी झाली. कामाच्या पद्धती स्पष्ट सुधारल्या, आई-बाळांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ते निष्कर्ष 2017 मध्ये आले.

टळलेलं प्रत्येक इन्फेक्शन म्हणजे आयसीयूचे वाचलेले दिवस आणि महागडी अँटिबायोटिक्स. विमा योजनेतून रुग्णामागे ठरावीक रक्कमच (पॅकेज) मिळत असेल तर तो भार तुमच्यावरच पडतो. म्हणून सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही. करार वाढवण्याऐवजी त्या पैशातून लाइनचं सगळं सामान एकत्र ठेवलेली ट्रॉली आणि इन्फेक्शन कंट्रोलची पूर्णवेळ सिस्टर घ्या. पायरी चुकली तर 'डॉक्टर, थांबा' म्हणायचा अधिकार मिशिगनमध्ये नर्सला होता. तो तुमच्या सिस्टरांना लेखी द्या, त्याला पैसा लागत नाही.