सीटी स्कॅन नॉर्मल, तरी शर्यत नको

प्रश्न : मुलगा मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, बाइक चालवतो. रविवारी सरावात डोक्यावर आपटला. सीटी नॉर्मल आला, पण घरी ट्यूबलाइटही त्याला सहन होत नाही. येत्या रविवारी शर्यत आहे. जाऊ देऊ?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, अजिबात नको. सीटीत रक्तस्राव दिसतो, मेंदूला बसलेला हादरा नाही. २०१५ मध्ये बार्सिलोनात गाडीच्या चाचणीवेळी धडकलेल्या फॉर्म्युला वन चालक फर्नांडो अलोन्सोचे स्कॅनही स्वच्छ होते. तरी डॉक्टरांनी त्याला ऑस्ट्रेलियाची शर्यत टाळायला सांगितलं. धास्ती पहिला बरा होण्याआधी बसणाऱ्या दुसऱ्या हादऱ्याची असते. आधी एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग चालणं, जागेवरची सायकल. त्रास वाढला की थांबायचं. स्मरण, तोल, प्रतिक्रियेचा वेग तपासून डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, तरच गाडी. तो 'बरा आहे' म्हणेल. शर्यतीची ओढ असलेली सगळीच मुलं म्हणतात. ते हेल्मेट मात्र आजच बाद करा. वारंवार उलट्या, झटके किंवा गुंगी वाढली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.