पहिल्या मॉडेल जहाजाच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या चढवण्याआधी

चिकटवायची घाई नको, आधी सांगाड्याच्या फासळ्यांच्या कडा तासून घ्या. एक पट्टी नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत आडवी धरून बघा. ती प्रत्येक फासळीवर पूर्ण टेकली पाहिजे. नुसती कोपऱ्यावर टेकली, तर तिथे पुढे उंचवटा दिसणारच.

नाळेकडे जागा कमी होते. 5 मिमीची पट्टी तिथे निमुळती करा, पण अडीच मिमीच्या खाली नको, टोक चिरतं. बासवुड या मऊ लाकडाची पट्टी कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा, वाकवून चिमट्यांनी जागेवर धरा, रात्रभर वाळू द्या आणि मगच चिकटवा. ओली चिकटवलीत तर आकसून फटी पडतात.

आणि हे फार महत्त्वाचं: एक डावीकडे, लगेच एक उजवीकडे. एकाच बाजूला चार-पाच लावल्या की कणा पिळवटतो, तो नंतर काही केल्या सरळ होत नाही.